वाट वाकडी करणारी नदी

नदीनं कसं वागावं याबद्दल आपणा सगळ्यांच्या काही ठाम कल्पना असतात. नदीनं डोंगरात जन्म घ्यावा, लहानपणी थोडं खळखळावं, वयात आल्यावर संथ व्हावं, चार गावांची धुणी आणि दोन-तीन तीर्थक्षेत्रं सांभाळावीत आणि जवळचा एखादा बरासा समुद्र बघून त्याला मिळावं. शाळेत भूगोलाच्या मास्तरांनी आम्हांला नद्या शिकवल्या त्या चार रकान्यांत: उगम, लांबी, उपनद्या, मुख. स्थळाच्या टिपणासारखी सगळी माहिती एका कागदावर. रास-गोत्र तेवढं राहायचं.

आफ्रिकेतली नायजर नदी मात्र या चार रकान्यांत बसायला तयार नव्हती. ही बाई गिनी देशाच्या डोंगरात जन्मते. तिथून अटलांटिक महासागर फक्त 240 किलोमीटर. म्हणजे मुंबईहून मोटारीनं साताऱ्याला जावं, इतकंच. पण नायजर समुद्राकडे चक्क पाठ करते आणि ईशान्येला निघते. ईशान्येला काय आहे? सहारा! पाण्यानं वाळवंटाच्या दिशेनं निघणं म्हणजे लोण्यानं चुलीकडे जाण्यासारखंच. टिंबक्टूपर्यंत गेल्यावर तिला काय वाटतं कोण जाणे, ती पूर्वेला वळते, मग आग्नेयेला, आणि एकूण 4,180 किलोमीटर हिंडून अखेर गिनीच्या आखातात, म्हणजे त्याच अटलांटिकात, जाऊन पडते. आमचे एक काका समोरच्या पोस्टात पाकिटं आणायला निघायचे ते गिरगाव, परळ, माटुंगा अशा तीन नातेवाइकांकडे चहा पिऊन दिवेलागणीला घरी यायचे. पाकिटं आणायचेच, पण रस्ता त्यांचा त्यांना ठाऊक.

आपली गोदावरीसुद्धा त्र्यंबकला जन्मून ऐंशी किलोमीटरवरचा अरबी समुद्र सोडते आणि पार बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. पण ती निदान एकदा पूर्व धरली की पूर्व सोडत नाही. नायजरची गोष्ट वेगळी. भूशास्त्रज्ञ म्हणतात की फार फार पूर्वी या दोन नद्या होत्या. वरची एक वाळवंटाच्या कडेच्या सरोवरात जाऊन विसावायची आणि खालची दुसरी आपली आपण समुद्राला मिळायची. पुढे सहारा कोरडा पडत गेला आणि दोघींची गाठ पडली. आता दोन वेगळ्या घरच्या वळणांचा संसार म्हटल्यावर मध्ये एक मोठं वळण यायचंच.

हिचा पूरही असाच सावकाश. गिनीच्या डोंगरात पाऊस पडतो जुलै ते सप्टेंबर. ते पाणी मालीमधल्या सपाटीवर पसरतं, शेकडो फाटे, तळी, दलदली भरत बसतं, त्यातलं बरंचसं उन्हानं उडून जातं आणि उरलेला पूर टिंबक्टूला पोचेपर्यंत डिसेंबर उजाडतो. आभाळ निरभ्र, वाळू कोरडी, आणि नदी दुथडी भरलेली! पण याच आळशी पुरावर त्या सपाटीत भात पिकतो, कोळ्यांना मासळी मिळते आणि पाणी ओसरलं की गुरांना चारा.

नावाचाही घोळ आहे. 'नायजर' म्हणजे लॅटिनमध्ये काळा, तेव्हा ही काळ्या लोकांची नदी, असं युरोपातल्या पंडितांना बरीच वर्षं वाटत होतं. आता बहुतेक अभ्यासक म्हणतात की हे नाव आलं तुआरेग लोकांच्या भाषेतून, आणि त्याचा अर्थ 'नद्यांची नदी'. वरच्या अंगाला मांदिंग लोक हिला 'जोलिबा' म्हणतात, म्हणजे मोठी नदी. सोंघाय लोक 'इसा बेर' म्हणतात, म्हणजे तेही मोठी नदी. खाली हौसा लोकांत 'क्वारा'. थोडक्यात, घरची माणसं हिला नुसतं 'थोरली' म्हणतात. थोरलीला नाव कशाला लागतं? नाव लागतं ते बाहेरच्यांना, नकाशावर लिहायला.

आता हे बाहेरचे कोण, ते पाहू.

नदी कुठून कुठे वाहते, हा प्रश्न नदीकाठी राहणाऱ्या कुठल्याही पोराला सोडवता येईल. पाण्यात काटकी टाकायची आणि ती कुठे जाते बघायचं. पण विद्वानांना काटकी चालत नाही, त्यांना ग्रंथ लागतो. बाराव्या शतकातल्या इद्रीसी या मोठ्या भूगोलवेत्त्यानं लिहिलं की ही नदी नाईलच्याच उगमातून निघून पश्चिमेला वाहते. सोळाव्या शतकात लिओ आफ्रिकानस झाला. हा गृहस्थ स्वतः टिंबक्टूला जाऊन आलेला. नदी डोळ्यांनी पाहिलेली. त्यानंही लिहिलं, पश्चिमेला वाहते. नदी बिचारी पूर्वेला वाहतच होती.

त्याच्याही आधी, 1352 साली, इब्न बतूता तिथे गेला होता. हा आपल्याकडचाच पाहुणा म्हणायला हरकत नाही. दिल्लीला महंमद तुघलकाचा काझी होता, दौलताबादला राहून गेला, मालदीवमध्येही काझीपण केलं. त्यानं नायजरला सरळ नाईल म्हणून टाकलं आणि पाण्यातले पाणघोडे पाहून आधी त्याला ते हत्तीच वाटले. मालीच्या राजानं स्वागताची भेट पाठवली आहे असं कळल्यावर हा उठून उभा राहिला. त्याला वाटलं, मानाची वस्त्रं असतील, पैसे असतील. आल्या तीन भाकऱ्या, तळलेल्या मांसाचा एक तुकडा आणि भोपळ्यात आंबट दही! त्याला हसू फुटलं, आणि पुढे त्यानं राजापुढे उभं राहून तक्रारही केली. मग घर मिळालं, सोनं मिळालं. तुघलकाच्या दरबारात राहिलेल्या माणसाला दहीभाकरीचं मोल कळणं अवघडच.

त्याची अपेक्षा मात्र अगदीच अवाजवी नव्हती. याच मालीचा मन्सा मुसा हा राजा 1324 मध्ये हजला जाताना कैरोत थांबला होता आणि त्यानं इतकं सोनं वाटलं की तिथला सोन्याचा भाव पडला. पाहुण्यानं यजमानाच्या गावचा सराफबाजार बसवल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

या सोन्याच्या देशात बाजारहाट मात्र चाले कवड्यांवर. आणि त्या कवड्या कुठल्या? मालदीवच्या. आपल्या दाराशी हिंदी महासागरात गोळा व्हायच्या, त्यातल्या काही बंगालला जायच्या आणि काही अर्ध्या जगाला वळसा घालून नायजरकाठी पोचायच्या. पुढे युरोपातले व्यापारी त्या गलबतं भरभरून नेऊ लागले. आपण ज्याला 'फुटकी कवडी' म्हणून झिडकारतो तिनं तिकडे बायका भाजी घ्यायच्या. आणि किनाऱ्यावर त्याच कवड्या मोजून माणसं विकत घेतली जायची. कवडीमोल हा शब्द मी एरवी सहज वापरतो, पण हे वाचल्यापासून तोंडातून काढताना किंचित अडखळतो.

असो. 1788 मध्ये लंडनला काही बड्या मंडळींनी आफ्रिकन असोसिएशन नावाची संस्था काढली. आफ्रिकेच्या नकाशात फार मोकळी जागा आहे, ती भरून काढावी, हा उद्देश. त्यांनी माणसं पाठवायला सुरुवात केली आणि ती एकामागून एक मरायला लागली. मग 1795 मध्ये मंगो पार्क नावाचा चोवीस वर्षांचा स्कॉटिश डॉक्टर निघाला. वाटेत त्याला एका मूर सरदारानं काही महिने कोंडून ठेवलं. तिथून निसटून, उपाशीतापाशी, जुलै 1796 मध्ये एका सकाळी तो सेगू शहरापाशी पोचला. समोर नदी. आणि वाहत होती पूर्वेला! दोन हजार वर्षांचा वाद त्या सकाळी मिटला. तो काठावर धावत गेला, पाणी प्यायला आणि त्यानं देवाचे आभार मानले.

यानंतरचा प्रसंग मला या सगळ्या इतिहासात फार आवडतो. सेगूच्या राजानं त्याला नदी ओलांडू दिली नाही. भेटायला बोलावलं नाही, पण पाच हजार कवड्या पाठवल्या आणि आल्या पावली परत जा म्हणून सांगितलं. एवढ्या लांबून कशाला आलास, या प्रश्नावर पार्कनं खरंच उत्तर दिलं, की नदी पाहायला. त्यावर तिथल्या माणसानं विचारलं, की तुमच्या मुलखात नद्या नसतात का, आणि एक नदी दुसरीसारखीच नसते का? हा प्रश्न मी घरी वाचून दाखवला तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी हातातली भाजी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "बरोबरच विचारलं त्यानं!" माझं मत असं की संशोधनाच्या साऱ्या इतिहासात याहून अडचणीचा प्रश्न कुणी विचारला नसेल. पार्कनं काय उत्तर द्यावं? लंडनच्या सभासदांना कुतूहल आहे म्हणावं, तर कुतूहलापोटी कुणी पदरमोड करून मरायला माणसं धाडत नाही, हे राजालाही कळत होतं. कुतूहलाच्या मागून व्यापारी येतो, आणि व्यापाऱ्याच्या मागून शिपाई. राजाची शंका फार खोटी नव्हती.

त्या रात्री पार्क उपाशी एका झाडाखाली बसला होता. शेतावरून परतणाऱ्या एका बाईनं त्याला पाहिलं, घरी नेलं, मासा भाजून खायला घातला, चटई दिली. घरातल्या बायका रात्री उशिरापर्यंत सूत कातत होत्या आणि गात होत्या. पार्कनं कान देऊन ऐकलं तर गाणं त्याच्याचवर रचलेलं! या बिचाऱ्या गोऱ्याला दूध द्यायला आई नाही, दळून घालायला बायको नाही, असा काहीसा भाव होता. सकाळी निघताना त्यानं त्या माउलीला आपल्या बंडीवर उरलेल्या चार पितळी गुंड्यांपैकी दोन दिल्या. आपल्याकडे जात्यावर बसलं की ओवी सुचते, तिथे चातीवर. पाहुण्याची कीव करायची ती मात्र सगळीकडच्या बायका सारखीच करतात.

पुढे लुटारूंनी त्याला नागवला. पण एक जुना सदरा, विजार आणि टोपी तेवढी परत दिली. का, तर टोपीत कागद खोचलेले होते. हीच त्याची टिपणं. सगळं संशोधन एका टोपीत वाचलं! परतीच्या वाटेवर करफा नावाच्या एका गुलामांच्या व्यापाऱ्यानं त्याला आजारपणात सांभाळलं आणि मग गुलामांच्या तांड्याबरोबर किनाऱ्याला पोचवलं. मोबदला काय ठरला? एका धडधाकट गुलामाची किंमत. पार्कनं ती दुप्पट करून चुकवली. माणूस सज्जन होता. पण साखळदंडातल्या ज्या माणसांबरोबर तो शेकडो मैल चालला, ती किनाऱ्याला आली ती विकली जायला, आणि हा आला तो प्रसिद्ध व्हायला. त्याचं पुस्तक 1799 मध्ये निघालं आणि हातोहात खपलं.

त्या पुस्तकासाठी नकाशा काढला मेजर रेनेल यांनी. हेही आपल्याकडचंच गिऱ्हाईक. बंगालचे पहिले सर्व्हेयर जनरल, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्याचे उत्तम नकाशे त्यांनीच केले. पण बंगाल त्यांनी पायांनी मोजला होता आणि आफ्रिका लंडनला खुर्चीत बसून. नायजर पूर्वेला जाते हे मान्य. मग पुढे? पुढे ती एका सरोवरात आटून जाते, असं त्यांनी ठरवलं. दक्षिणेला समुद्राकडे का जात नाही? तर मध्ये 'काँगचे पर्वत' आडवे आहेत म्हणून. हे पर्वत त्यांनी 1798 च्या नकाशात ठणठणीत काढले. पुढे नव्वद वर्षं ते नकाशांत उभे होते. अखेर बिंगर नावाचा फ्रेंच अधिकारी 1887 ते 1889 अशी दोन वर्षं तिथे हिंडला आणि परत येऊन सांगता झाला की पर्वत नाहीत. थोड्या टेकड्या आहेत. एवढी मोठी पर्वतरांग एका माणसानं चालून चालून सपाट केल्याचं हे एकमेव उदाहरण.

पार्क मात्र 1805 मध्ये पुन्हा गेला, या वेळी सरकारी खर्चानं आणि शिपाई घेऊन. चाळिसाच्या वर गोरे निघाले. पावसाळ्यानं आणि तापानं असे गाठले की होडी पाण्यात ढकलताना पाच उरले होते, त्यात एक वेडा झालेला. दोन जुन्या होड्या जोडून केलेल्या त्या तराफ्याला त्यानं नाव दिलं 'एचएमएस जोलिबा'. या वेळी गाणं ऐकायला तो थांबला नाही. त्याच्या वाटाड्यानं नंतर सांगितलं, की जकात मागायला होड्या आडव्या आल्या की हे बंदुका झाडत पुढे जायचे. 1806 मध्ये बुसा इथल्या खडकाळ धारेत होडी अडकली, काठावरून हल्ला झाला, आणि पार्क बुडाला. त्याचा मुलगा वडिलांना शोधायला 1827 मध्ये गेला, तोही परत आला नाही. 1968 मध्ये कैंजी धरण झालं आणि बुसाची ती धारच जलाशयाखाली गेली.

आता गंमत ऐका. इकडे लंडनमध्ये नायजरचं मुख कुठे यावर पंडित भांडत होते, आणि तिकडे त्या मुखात इंग्रजांचीच जहाजं कितीतरी वर्षं नांगर टाकून उभी होती! बॉनी, ब्रास अशा बंदरांतून ते माणसं विकत घेत आणि पुढे पाम तेल. चिखल, तिवरांची जंगलं आणि डझनांनी खाड्या. प्रत्येक खाडीला वेगळं नाव. या सगळ्या मिळून एकाच नदीची बोटं आहेत, हे हिशेबाच्या वह्यांत डोकं घालून बसलेल्या कप्तानांच्या ध्यानातच आलं नाही. दारात गाडी लावून पत्ता विचारत हिंडावं, तसला प्रकार.

आणि उत्तर ठाऊक असलेली माणसंही इंग्रजांच्याच ताब्यात होती. वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावर जेम्स मॅक्वीन नावाचा एक स्कॉटिश साहेब उसाच्या मळ्याचा कारभार पाहायचा. तो कधी आफ्रिकेत गेला नव्हता. पण मळ्यावरच्या गुलामांत नायजरकाठची माणसं होती. त्यांना त्यानं विचारलं, पुस्तकांशी ताडून पाहिलं, आणि 1821 च्या आपल्या ग्रंथात लिहून टाकलं की नदी गिनीच्या आखातात मिळते. अगदी बरोबर. वर्षानुवर्षं सभा भरल्या, माणसं मेली, पण ज्यांना त्याच नदीच्या मुलखातून हाकत आणलं होतं त्यांना विचारायचं फारसं कुणाला सुचलं नाही. आणि ज्याला सुचलं तो मॅक्वीन पुढे गुलामगिरी चालू राहावी म्हणून हिरिरीनं लिहीत राहिला. माणसाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा, आणि माणूसपणावर नाही! असं डोकं कसं चालतं हे मला आजवर उमगलेलं नाही.

अखेर 1830 मध्ये रिचर्ड आणि जॉन लँडर हे दोन भाऊ बुसाहून होडीत बसले आणि नदी नेईल तिकडे गेले. रिचर्ड हा कॉर्नवॉलमधल्या एका खाणावळवाल्याचा मुलगा, आधी एका संशोधकाचा नोकर. म्हणजे काटकीचा प्रयोग अखेर झाला, फक्त काटकीच्या जागी दोन भाऊ. वाटेत पकडले गेले. तेव्हा ब्रासचा राजा बॉय यानं पदरचा माल देऊन त्यांना सोडवलं, या बोलीवर की खाडीतलं इंग्रजी जहाज भरपाई करील. समुद्र दिसला, जहाज दिसलं, भूगोलाचा प्रश्न सुटला. आणि जहाजाच्या कप्तानानं शिव्या घालून एक कवडीही द्यायला नकार दिला! लँडरना तिकडे जॉग्रफिकल सोसायटीचं पन्नास गिनींचं पारितोषिक, ब्रासच्या राजाला बाबाजीका ठुल्लू.

मुख सापडल्यावर व्हायचं ते झालंच. 1832 मध्ये आगबोटी वर गेल्या. अठ्ठेचाळीस गोऱ्यांपैकी नऊ परतले. 1854 मध्ये डॉ. बेकी यांनी सगळ्यांना रोज क्विनाइन पाजलं, आणि एकही जण तापानं मेला नाही. त्या बोटीवर सॅम्युअल अजायी क्राउथर होते. लहानपणी गुलाम म्हणून विकलेले, 1822 मध्ये जहाजावरून सुटलेले, पुढे 1864 मध्ये बिशप झालेले. नदीचं दार त्या कडू पुडीनं उघडलं आणि व्यापारी आत आले. 1886 मध्ये रॉयल नायजर कंपनीला सनद मिळाली. कंपनी आणि सनद हे दोन शब्द एकत्र आले की आपण ओळखायचं. पुढची गोष्ट आपल्याला पाठ आहे.

कंपनीनं ब्रासच्या लोकांना त्यांच्याच पिढीजात बाजारांत परके ठरवून जकाती लावल्या. उपासमारीची पाळी आली. जानेवारी 1895 मध्ये ब्रासच्या राजा कोकोनं होड्या घेऊन अकासाच्या कंपनीच्या ठाण्यावर हल्ला चढवला, माणसंही मारली. महिन्याभरात इंग्रजी आरमारानं त्यांची नेंबे राजधानी जाळली. नंतर चौकशी झाली आणि ब्रासवाल्यांची तक्रार खरी होती असं निघालं. गाव जाळल्यावर तक्रार खरी निघणं, हा साम्राज्याचा न्याय. पाच वर्षांनी सरकारनं कंपनीचा कारभार 8 लाख 65 हजार पौंडांना विकत घेतला. पैसे कंपनीला मिळाले. सूत कातणाऱ्या बायकांकडे कुणी पावती मागितली नाही.

देशाला नावही बाहेरूनच आलं. 1897 मध्ये फ्लोरा शॉ या बाईंनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये सुचवलं, 'नायजेरिया'. फ्रेंचांनी त्यांच्या वाट्याच्या वाळवंटाचं नाव ठेवलं 'नायजर'. दोन्ही देश 1960 मध्ये स्वतंत्र झाले आणि जगभरचे टपाल कारकून गोंधळात पडले.

त्रिभुज प्रदेशाचं नशीब मात्र पालटलं नाही. आधी माणसं नेली, मग साबणा-मेणबत्त्यांसाठी पाम तेल. 1956 मध्ये ओलोइबिरी गावी जमिनीतलं तेल लागलं. तिथलं काळं पाणी पाहून केन सारो-वीवा हा लेखक बोलायला लागला, त्याला 1995 मध्ये लष्करी राजवटीनं फाशी दिलं. तोही मूळचा विनोदी लिहिणारा, त्याची दूरदर्शनवरची विनोदी मालिका नायजेरियात घराघरांत पाहिली जायची. आमच्यासारख्या हलकंफुलकं लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

एक शेवटची गोष्ट. 2012 मध्ये टिंबक्टू सशस्त्र टोळ्यांच्या हाती पडलं. त्या गावात घराघरांत जुन्या हस्तलिखितांच्या पेट्या होत्या. खगोल, गणित, कायदा, कविता, हिशेब, पिढ्यान् पिढ्या सांभाळलेले. तिथल्या ग्रंथपालांनी आणि घरच्या माणसांनी ती पत्र्याच्या ट्रंकांत भरली, रात्री-अपरात्री गाढवगाड्यांवर, मोटारींत लादली आणि जानेवारीत रस्ते बंद झाल्यावर होड्यांतून नदीमार्गे दक्षिणेला धाडली. पळून जाणाऱ्या टोळ्यांनी काही हजार हस्तलिखितं जाळली, पण बाकीचा बहुतेक ठेवा आधीच निसटला होता. तो डिसेंबर-जानेवारीचा काळ. गिनीतल्या पावसाचं पाणी नेमकं तेव्हाच टिंबक्टूला पोचतं. होड्या तरंगवायला नदी भरलेली होती. आणि वल्ही मारणाऱ्यांपैकी कुणालाही ही नदी कुठून कुठे जाते, हे विचारावं लागलं नाही.